मावशीचा अबोला

आमच्या हॉस्पिटलात तळमजल्याच्या टोकाला, कपडेखान्याला लागून, एक प्रार्थनेची खोली आहे. कपडेखाना म्हणजे जिथे धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि पेशंटचे झगे घड्या होऊन वॉर्डांत जातात ती जागा, आणि त्या जागेची मालकीण मी. लोक मला चादरबाई म्हणतात. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडे कोणी खोकलं तरी अलीकडे कळतं. मी कान लावून बसते असा काहींचा समज आहे. तो खोटा आहे. कान आपले आपण लागतात.

ती खोली सांभाळायची मावशी. उंच, हडकुळी, चालताना चपला फटफट वाजवणारी. ती येते आहे हे जिन्यावरूनच कळायचं आणि गप्पा मारत उभ्या असलेल्या नर्सबाया पांगायच्या. खरं तर ती कोणाला बोलायची नाही. पण तिच्या नाकावर कायम एक राग बसलेला असायचा, आणि तो कोणावर आहे हे कळत नसल्यामुळे प्रत्येकाला तो आपल्यावरच आहे असं वाटायचं.

तिला हे काम मिळालं तेच गैरसमजातून. आधी त्या खोलीत मोडक्या व्हीलचेअर पडलेल्या असत. मग वरच्या लोकांच्या मनात आलं की सगळ्या धर्मांच्या लोकांना बसायला एक जागा असावी. जागा झाली, रंग झाला, भिंतीला कपाट आलं. आता सांभाळायला अशी बाई हवी होती जी कोणाच्याच बाजूची नाही. झाडूपोछा, कपडेखाना अशा कामांवरच्या आम्हा सगळ्या जणींना एकेक करून आत बोलावलं आणि साहेबांनी विचारलं की तुम्ही कुठल्या देवाला मानता. मावशी त्या वेळी वॉर्डातले संडास धुवायची. ती म्हणाली, ‘‘मी कुठल्याच देवाशी बोलत नाही.’’

साहेबांनी ऐकलं, ‘मानत नाही’. ते खूश झाले. बाई नास्तिक आहे, म्हणजे नि:पक्षपाती, असा हिशेब करून त्यांनी तिला तिथेच नेमून टाकलं. सगळ्या हॉस्पिटलात झालं की खोलीवाली मावशी देव मानत नाही. कोणी कौतुकाने म्हणायचं, कोणी नाक मुरडून. मावशीने कधी कोणाचा समज दुरुस्त केला नाही. संडास धुण्यापेक्षा हे काम बरं होतं.

आता ‘मानत नाही’ आणि ‘बोलत नाही’ यांत फरक आहे हे माझ्याही डोक्यात लगेच शिरलं नव्हतं. ते शिरलं एका कपाटामुळे.

त्या कपाटात वेगवेगळ्या कप्प्यांत सगळ्यांचं सामान असायचं. एका कप्प्यात मूर्ती आणि तसबिरी, एकात बुद्धाची बैठी मूर्ती, एकात क्रूस, खालच्या कप्प्यात गुंडाळलेल्या चटया आणि कापडात बांधलेले ग्रंथ. ज्याला जे हवं ते मावशी काढून द्यायची, आणि त्याचं झालं की आत ठेवून दार लावायची. सुरुवातीला तिची पक्की समजूत होती की या मंडळींचं आपसांत पटत नाही, म्हणून त्यांना एकमेकांचं तोंड दिसू द्यायचं नाही. भावकीतली माणसं लग्नात वेगवेगळ्या पंगतींना बसवतात तशी ती त्यांना कप्प्यांत बसवायची.

सगळ्यांत जास्त दया तिला आली ती एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाची. हा मुसलमान, शांत, इस्त्रीचा शर्ट, दुपारच्या सुट्टीत नेमाने येऊन चटई टाकायचा. मावशी त्याला फोटोवाले म्हणायची, कारण तो हाडांचे फोटो काढायचा. तर हे फोटोवाले कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि वाकायचे. मावशीला ते बघवेना. सगळ्यांच्या तोंडापुढे काही ना काही आहे आणि या भल्या माणसापुढे नुसता रंग. तिने जुन्या कॅलेंडरवरचं डोंगराआडून उगवणाऱ्या सूर्याचं चित्र कापलं आणि त्या भिंतीवर चिकटवलं. कोणाचं चित्र चालेल हे माहीत नव्हतं, म्हणून सूर्य. सूर्याबद्दल कोणाची तक्रार नसावी, असा तिचा विचार.

फोटोवाले आले, चित्र बघितलं, दोन हात डावीकडे सरकले आणि तिथे चटई टाकली. मावशीला वाटलं, यांची जागा चुकली. दुसऱ्या दिवशी तिने चित्र डावीकडे लावलं. फोटोवाले उजवीकडे गेले. चित्र उजवीकडे गेलं. माणूस इतका सभ्य की बोलेना, आणि मावशी इतकी दयाळू की थांबेना. शेवटी चित्र मधोमध आणि माणूस कोपऱ्यात अशी वेळ आली तेव्हा त्याने तोंड उघडलं.

‘‘मावशी, मी भिंतीला नमस्कार करत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘भिंत फक्त मध्ये आली आहे.’’

मावशीने चित्र काढलं. मला येऊन म्हणाली की भिंत मध्ये येते तर खिडकीची खोली मागून घ्यायला हवी होती बिचाऱ्याने.

पण गैरसमज काही एकाच बाजूला नव्हते. त्यालाही मावशीच्या लोकांबद्दल वाटायचं की हे दगडालाच देव समजतात, तो फुटला की यांचा देव संपला. एकदा हसत हसत त्याने विचारलं की मावशी, तुम्ही देवाला कपाटात कोंडून दार लावता, तो गुदमरत नाही का. तिखट उत्तर मिळेल म्हणून मी पार्टिशनला टेकले. मावशीने बादली उचलली. आणि त्या दिवसापासून कपाटाचं मूर्तींच्या बाजूचं दार बोटभर उघडं राहायला लागलं.

मी तिला टोकलं. म्हटलं, ‘‘तू तर नास्तिक ना गं?’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘सगळं हॉस्पिटल म्हणतं. तू त्याच्याशी बोलत नाहीस ना?’’

‘‘बोलत नाही,’’ मावशी म्हणाली. ‘‘म्हणून काय गुदमरू द्यायचं?’’

तेव्हा मला कळलं की हा अबोला आहे. घरात असतो तसला. बोलणं बंद, पण ताट वाढलेलं. तोंड फिरवलेलं, पण खोकल्याचं औषध उशाशी ठेवलेलं. मावशी रोज सकाळी आपल्या देवाच्या मूर्तीचं तोंड ओल्या फडक्याने पुसायची, आणि पुसताना दुसरीकडे बघायची.

कारण तिने मला एकदाच सांगितलं, चहा पिताना, अगदी कोरड्या आवाजात. तिची दोन्ही मुलं लहान असताना तापाने पडली. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. मुलगी उठून बसली, मुलगा उठेना. तेव्हा ती देवापुढे गेली आणि म्हणाली, याला राहू दे, मी जन्मभर गोडाला हात लावणार नाही. मुलगा गेला. ‘‘मी तर त्या दिवसांत साखरेचा कणही तोंडात घातला नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडून सगळं नीट होतं. शब्द त्याने मोडला.’’ तेव्हापासून ती चहात सगळ्यांपेक्षा जास्त साखर घालते, त्याच्या नाकावर टिच्चून.

माझं स्वतःचं देवाशी नातं लांबच्या नातेवाइकासारखं आहे. कार्यात भेटलो तर नमस्कार, एरवी कोण कुठे आहे याची चौकशी नाही. एवढं मनापासून भांडायला आधी तेवढी जवळीक लागते. मला तिचा थोडा हेवाच वाटला.

अबोल्याच्या नादात तिने आणखी एक घोळ घातला. हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या, बौद्ध होत्या, आम्ही त्यांना व्यायामताई म्हणायचो. त्या यायच्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे वाकायच्या आणि डोळे मिटून नुसत्या बसायच्या. ओठ हलत नाहीत, हात पसरत नाहीत. मावशीने बरेच दिवस निरखलं आणि तिची खात्री पटली की ही आपल्यासारखीच. एक दिवस तिने हळूच विचारलं, ‘‘ताई, तुमचाही अबोला आहे का?’’

व्यायामताईंना आधी काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं की त्या काही मागत नाहीत, कारण त्यांच्या मते वर बसून देणारा-घेणारा असा कोणी नाही. मूर्तीपुढे वाकतात ते ज्याने वाट दाखवली त्याच्या आदराने. बसतात ते स्वतःचं मन निवळावं म्हणून. मावशी हे सगळं ऐकून कपडेखान्यात आली आणि स्टुलावर टेकली. म्हणाली, चांगली बाई आहे गं, पण बिचारीला भांडायलाही कोणी नाही. नंतर कितीतरी दिवस ती व्यायामताईंसाठी बसायचं आसन झटकून, दोनदा घडी घालून जाड करून ठेवायची. व्यायामताईंना आसन जाड लागायचं नाही. त्या तरी त्याच्यावरच बसायच्या.

तिसरे स्वयंपाकघराचे मुकादम. ख्रिस्ती, पोट सुटलेले, आवाज भांड्याचा. ते देवाला बाप म्हणायचे आणि परगावी असलेल्या बापाला फोन करावा तसं खणखणीत बोलायचे. वरणाला फोडणी करपली इथपासून मोठ्या भावाशी बिनसलं इथपर्यंत सगळं. मावशीला वाटायचं की हा पापं करून येतो, माफ कर म्हणतो, पाटी कोरी, परत मोकळा. मुकादमांना वाटायचं की मावशीला देव माहीतच नाही आणि तिला तो भेटवून द्यायची जबाबदारी आपली आहे. माझ्याच तोंडून अबोल्याची सगळी हकिकत कळल्यावर तर त्यांना जोरच चढला. बाप माफ करतो, फक्त एकदा माफी मागा, असं ते तिच्या मागे लागले. मावशी म्हणाली, ‘‘मी का मागू? चूक त्याची आहे.’’

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मावशीची लेक आजारी पडली.

लेक बेकरीत पाव-बिस्किटं भरायच्या टेबलावर काम करायची. जावई शाळेची बस चालवायचा. लेकीला जिना चढताना धाप लागायला लागली, मग सपाटीवर, मग नुसतं बोलताना. आमच्याच हॉस्पिटलात तपासलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती, बदलावी लागणार होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं की लहानपणी एखादा मोठा ताप येऊन गेला असेल, त्याने केलेलं हे नुकसान आता बाहेर आलं.

मावशी ते ऐकून खाली आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. ती रडत नव्हती. ती संतापली होती. ‘‘म्हणजे त्याच वेळी हिलाही धरून ठेवलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘एकाला नेलं आणि दुसरीवर खूण करून ठेवली.’’ त्या दिवशी तिने मूर्तीचं तोंड पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुसलं, पण फडकं जोरात फिरवलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला. लेक वाचेल का हा एकच प्रश्न होता, आणि डॉक्टरबाई बऱ्याच धीराचं बोलत असल्या तरी खात्री देत नव्हत्या. मावशीचा जीव टांगणीला लागला. ज्याच्याकडे जायचं त्याच्याशी बोलणं बंद. मग तिने आपल्या घराघरांत चालतं तेच केलं. आईबापाचा अबोला असला की पोराला मध्ये घालतात ना, ‘तुझ्या बापाला सांग, पानं वाढलीत’? तसं.

आधी ती मुकादमांकडे गेली. म्हणाली की तुमच्या बापाच्या कानावर घाला, माझ्या लेकीचं ऑपरेशन आहे. पण मी सांगितलं म्हणू नका. मुकादमांनी मान डोलावली, खोलीत गेले आणि तिच्या नावानिशी, अबोल्याच्या कारणासकट, मुलाच्या तापापासून सगळी कहाणी इतक्या मोठ्याने सांगितली की मला इकडे चादरीची घडी हातात धरून थांबावं लागलं. मावशी बाहेर उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला.

मग व्यायामताई. त्यांनी शांतपणे विचारलं, मी निरोप कोणाला देऊ? आणि मग म्हणाल्या की ऑपरेशन चालेल तेवढा वेळ मी तुमच्याजवळ येऊन बसेन.

राहिले फोटोवाले. मावशीला त्यांच्याबद्दल जास्त आशा होती. यांचा देव दिसत नाही, म्हणजे मोठाच असणार, आणि त्याच्याशी आपलं काही वाकडंही नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. फोटोवाले म्हणाले की दुआ मी करणारच, सांगायची गरज नव्हती, लेकीचा एक्स-रे मीच काढला आहे. पण निरोप्या होणार नाही. आमच्या बोलण्यात मध्ये कोणी लागत नाही. तुमचं तुम्ही बोला.

‘‘आमचं भांडण आहे,’’ मावशी म्हणाली.

हे ऐकून तो माणूस खरंच हादरला. त्याच्या दृष्टीने हे बोलणंच अशक्य होतं. तो म्हणाला की ज्याने आपल्याला बनवलं त्याच्यावर रुसायचं कसं? सोसायचं, शुक्रिया मानायचा आणि मागायचं. कामगार मालकाशी अबोला धरतो का?

‘‘मालक असता तर कधीच काम सोडून गेले असते,’’ मावशी म्हणाली. ‘‘घरचा आहे म्हणून अडकलेय.’’

त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ चटईवर बसला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात चादरी द्यायला गेले. लेकीच्या पलंगाशी जावई आणि मावशी. लेक फिकी पडली होती, पण तोंडाने तरतरीत, आईसारखीच. मला बघून म्हणाली, चादरमावशी, चांगली घ्या, उद्या माझी मिरवणूक आहे. आम्ही हसलो. मग ती हसायची थांबली आणि आईचा हात धरून म्हणाली, ‘‘आई, एकदा बोल ना त्याच्याशी. माझ्यासाठी.’’

मावशीने हात सोडवून घेतला नाही. पण मान हलवली. नाही.

जावई उठून उभा राहिला. साधा, भिडस्त माणूस, सासूपुढे खुर्चीत कधी पाठ टेकून बसला नसेल. त्याचा आवाज चढला. ‘‘लेकीच्या जिवापेक्षा तुमचा रुसवा मोठा झाला का?’’

मलाही तेच वाटलं. मला मावशीचा राग आला, स्पष्ट सांगते. दोन शब्दांनी काय झिजणार होतं तिचं? खोटं खोटं का होईना, हात जोडावेत, लेकीला बरं वाटेल.

मावशीने जावयाकडे बघितलंच नाही. ती लेकीशी बोलत होती. ‘‘इतकी वर्षं त्याच्यापुढे ताठ राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘आता काम पडलं म्हणून गोड बोलायला गेले तर ते बोलणं खोटं होईल. तो ओळखतो मला. तुझ्यासाठी मी काहीही करीन, पण त्याच्याशी खोटं बोलणार नाही.’’

लेक कोपरावर टेकून थोडी उठली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे आहे तर तो.’’

‘‘नसता तर भांडले कशाला असते?’’

जावई बाहेर निघून गेला. लेकीने डोळे मिटले आणि आईचा हात पोटावर ओढून घेतला. मी चादर न बदलताच परत आले. मग आठवण झाली, पुन्हा गेले.

ऑपरेशनच्या दिवशी मावशीने रजा घेतली नाही. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा इथली भिंत पुसते, म्हणाली. लेकीला आत नेल्यावर ती खाली आली आणि तिने ती खोली अशी काही घासली की फरशीत तोंड दिसावं. व्यायामताई ठरल्याप्रमाणे आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मावशी उठून खिडकी पुसायची, परत येऊन बसायची, परत उठायची. व्यायामताई जागच्या हलल्या नाहीत. नंतर मावशीने मला सांगितलं की त्या दिवशी सगळ्यांत जास्त उपयोग या बाईचा झाला, जिला वर कोणी नाही तिचा. दुपारी फोटोवाले आले. मावशी उठली, त्यांच्या प्रार्थनेपुरतं नेहमीसारखं कपाटाचं दार पूर्ण लावून घेतलं, त्यांचं झाल्यावर परत बोटभर उघडलं.

ऑपरेशन संपल्याचं कळलं. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकतो तोवर जावई धावत जिना उतरून आला. रक्त थांबत नव्हतं, परत आत नेलं होतं. तो खोलीच्या दारात उभा राहून सासूकडे बघत होता. तोंडाने काही म्हणाला नाही, पण काय म्हणायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं.

मावशी उठली. कपाटापुढे जाऊन उभी राहिली. त्या वेळी मला वाटलं आता ही बोलणार, आणि मला एकदम वाटायला लागलं की तिने बोलू नये. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आदल्या दिवशी मीच तिच्यावर चिडले होते. पण त्या क्षणी तिला वाकलेली बघणं मला सहन झालं नसतं.

मावशीचं तोंड उघडलं. मग मिटलं. तिने खाली पडलेलं फडकं उचललं, बादलीच्या कडेवर वाळत टाकलं आणि जावयाला म्हणाली, चल वर.

संध्याकाळी डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, थांबलं. ठीक आहे. जावई तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडला. मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला म्हणाली की रुमाल आहे का, नसला तर चादरबाईकडून टॉवेल आण.

पुढचे दिवस श्रेयाची वाटणी चालली. मुकादम म्हणाले बापाने ऐकलं, आवाज पोचायला हवा होता तेवढा पोचला. फोटोवाले नुसतं वर बोट दाखवायचे. वॉर्डातल्या बाया आपापल्या देवांची नावं घेत होत्या. ज्यांनी हात घालून रक्त थांबवलं त्या डॉक्टरबाईंचं नाव यादीत शेवटी आलं. जावयाने सासूची माफी मागितली. तीही मोठ्या घोळात, म्हणजे मावशी मनातल्या मनात बोलल्या असतील आणि आपल्याला कळलं नसेल, अशा समजुतीने. मावशीने त्याला सरळ सांगितलं की नाही बोलले. त्याला ते खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

लेक घरी गेली. गोळ्या कायमच्या, जड उचलायचं नाही, बेकरीत बसून करायचं काम मिळालं तर बघायचं. मावशी तिला पोचवून, घर लावून देऊन, परत कामावर आली. सकाळची वेळ होती, कोणी आलं नव्हतं. मी म्हटलं, लेक सुखरूप आली, आता तरी सोड अबोला, निदान आभार मान.

‘‘आभार कसले? हिच्यासाठी आभार मानायचे तर त्याने नेलेल्या पोराचं काय?’’ मावशी म्हणाली. मग चपला दाराशी काढता काढता थांबली. ‘‘पण आता मला काही नको आहे त्याच्याकडून.’’

ती आत गेली. मी इकडे अभ्र्यांच्या घड्या घालायला लागले. पार्टिशनपलीकडून बादलीचा आवाज आला, फडकं पिळल्याचा आवाज आला, कपाटाचं दार कुरकुरलं. माझ्या चार अभ्र्यांच्या घड्या झाल्या. आणि मग मावशीचा आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा हलका, पण नेहमीचाच.

‘‘उकडतंय का? पंखा लावू?’’

मला वाटलं फोटोवाले लवकर आले. मी वाकून दारातून बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. कपाट सताड उघडं होतं. मावशी बटणावर हात ठेवून उभी होती, मूर्तीकडे बघत, आणि या वेळी तिने तोंड फिरवलेलं नव्हतं.

माझ्या आईबापाचे अबोले मी लहानपणी पुष्कळ बघितले आहेत. त्यांतला एकही माफीने सुटला नाही, की कोणाची चूक होती हे ठरून सुटला नाही. ‘भाजी कुठली आणू’, ‘दिवा घालवू का’, असल्या वाक्यांनी ते सुटायचे, आणि तेव्हा आम्ही पोरं कोणी न सांगता अंगणात निघून जायचो. मी मागच्या मागे कपडेखान्यात आले आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने पलीकडे पंखा सुरू झाला.